एलखालचं टिंब

मेंडोटा तळं गोठलं की
मॅडिसनच्या लायब्ररीत, तळघरात,
नियतकालिकांचे गठ्ठे यायचे
ओल्या गोणपाटाचा वास घेऊन.
माझं काम साधं. वर्षाचे बारा अंक लावायचे,
पिना उपटायच्या, जाहिराती फाडायच्या.
नियमच होता तसा. गूळ, बियाणं, काजळ,
ते कागद मी डब्याच्या पिशवीतून घरी नेई.
मग पुठ्ठ्याच्या पाठीवर काय उमटवायचं
त्याची चिठ्ठी: नाव, खंड, साल,
तळापासून किती इंच.
शंका आली तर मागच्या खंडावर कागद धरून
पेन्सिल आडवी घासायची.
काळ्यात पांढरी अक्षरं उठतात,
तेवढी पाठवायची.

इस्लामपूरहून एक मासिक येई, 'मळा'.
तपकिरी कापड, पांढरी अक्षरं,
रोमन, चारच: एम, ए, एल, ए.
वाचाल तसं. मळा. माला.
मला.

फळीवर अकरा खंड उभे
आणि सगळे म्हणतायत मला, मला, मला,
पंगतीत वाढप्याने वगळलेल्या पोरांसारखे.

बाइंडरीत पितळी खिळे जुळवायचा
हॅल्वर स्तेन्सरुड. साठीचा,
अंगठ्यावर भाजल्याचे जुने डाग.
खोकी न्यायला आला तेव्हा विचारलं,
हे म्हणायचं कसं?
मी म्हटलं, मळा,
आणि त्याच्या जिभेची फजिती बघायला थांबले.
आमचा ळ या गावात
भल्या भल्या प्रोफेसरांना जमत नाही,
माझ्या मुलीलाही नाही.

हॅल्वर म्हणाला, मळा.

स्वच्छ. टाळूला जीभ वळवून,
आठवडी बाजारात भाजीवाला म्हणेल तसा.

नॉर्वेत आमच्या खोऱ्यात आहे हा आवाज, म्हणाला.
वडील गाईंशी बोलताना काढायचे,
मी शाळेत काढला तर बाई कान पिळायच्या.
सूर्याला ते 'सूळ' म्हणत.

आमच्याकडे सूळ म्हणजे काय
ते मी सांगितलं नाही.

बाराव्या खंडावर एलखाली टिंब आलं.
पूर्णविरामाचा खिळा, हाताने, एकच दाब,
किंचित डावीकडे सरकलेला.
मिसेस प्रॉक्टरनी लगेच चिठ्ठी लावली:
कॅटलॉगात खुणा नाहीत, पाठीवरही नकोत.
दुरुस्तीला पाठवा.
ती चिठ्ठी कुठे गेली
मला आठवत नाही, असं मी तेव्हाही सांगितलं होतं.

तेराव्यापासून यंत्र आलं.
टिंब नाही. हॅल्वरही नाही.
पुढे मासिकच थांबलं, बाविसाव्या वर्षी, अधेमधेच.
पाठीवर लिहिलंय, अंक एक ते पाच.
उरलेल्या सातांसाठी काही कोरी जागा ठेवत नाहीत;
खंड बारीक होतो, एवढंच.

परवा मुद्दाम गेले.
हे सगळे आता गावाबाहेरच्या गोदामात जाणार,
कुणी मागत नाही म्हणून.
तिथे भाषा बघत नाहीत,
उंचीप्रमाणे लावतात.
पर्समध्ये किराण्याची यादी होती, मागून कोरी.
बाराव्याच्या पाठीवर धरली, पेन्सिल घासली.
एम. ए. एल. ए.
आणि खाली, जरा डावीकडे,
तिळाएवढं पांढरं.

काउंटरवरचा मुलगा आला, मदत हवी का?
म्हटलं, हे वाच बघू.
वाचलं त्याने. माला.
बरं, म्हटलं.

यादीत दूध लिहायचं राहिलं होतं.
टिंबाला धक्का न लावता
कोपऱ्यात लिहिलं.